कस्तुरीच्या वाट्याचं पेटंट

विंडसरच्या मराठी मंडळींत गुरुदत्त मुजुमदारांचा दरारा होता. सांगलीहून इंजिनियर होऊन ते त्र्याहत्तर साली कॅनडात आले, बरीच वर्षं एका टूल शॉपमध्ये दुसऱ्यांच्या हाताखाली राबले आणि मग स्वतःचं मोल्ड शॉप काढलं. गाड्यांचे डॅशबोर्ड, दारांची आतली पॅनेल्स असले प्लास्टिकचे भाग ज्या पोलादी साच्यांतून निघतात, ते साचे तिथे बनत. पंच्याहत्तरी उलटली तरी सकाळी शॉपचं दार उघडायला तेच असायचे. कामगार त्यांना मिस्टर एम म्हणत आणि ते जवळ आले की बोलणं थांबवत. घरीही तेच. सुनंदाबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षातच वाद घालणं सोडून दिलं होतं.

कस्तुरी थोरली, क्षितिज धाकटा. दोघं विंडसरलाच जन्मले, दोघं इंजिनियर झाले, दोघं वडिलांच्याच शॉपमध्ये लागले. कस्तुरीला ते काम मनापासून आवडायचं. क्षितिजला वडिलांची भीती वाटायची, म्हणून तो करायचा.

गरम प्लास्टिक साच्यात सगळीकडून सारखं थंड झालं नाही, तर निघालेला भाग वाकतो. साचे बनवणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी. कस्तुरीने त्यावर साच्यात बसवायचा एक इन्सर्ट तयार केला. धातूची पूड वितळवून थरावर थर चढवत केलेला, आणि त्याच्या पोटात पाणी खेळवणारे बारीक, वळणावळणाचे मार्ग. तिचे कितीतरी इन्सर्ट तडकले, गळले, एक तर दाबाखाली फुटून शॉपभर पाणी झालं. ती पुन्हा करत राहिली. शेवटी एक टिकला, आणि त्यातून निघालेलं पॅनेल टेबलावर ठेवलं तर खाली कागदही सरकेना इतकं सपाट होतं. गुरुदत्तांनी ते हातात घेऊन दिव्याखाली फिरवून पाहिलं. "बरं झालंय," ते म्हणाले. कस्तुरीला त्यांच्याकडून मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी.

असल्या इन्सर्टचं मोठं गिऱ्हाईक जर्मनीत. म्हणून म्युनिकच्या एका वकीलबाईंच्या सल्ल्याने कंपनीने दोन ठिकाणी अर्ज केले. एक जर्मनीच्या स्वतःच्या पेटंट ऑफिसात, आणि एक युरोपियन पेटंटसाठी, ज्यात इतर देशांबरोबर जर्मनीही येत होती. शोध एकच, पण जर्मनीत त्याला दोन कुंपणं. एक पडलं तरी दुसरं उभं राहावं, हा हेतू.

जर्मन अर्ज कस्तुरीने बसून लिहून घेतला. मार्गाचं वळण केवढं, कोपरा किती गोल, दोन मार्गांमधली भिंत कुठे जाड आणि कुठे पातळ, सगळं त्यात होतं. युरोपियन अर्जात मात्र गुरुदत्तांनी हा सगळा तपशील काढायला लावला.

"इतकं लिहून दिलंस तर लोक वाचून बनवतील," ते म्हणाले. "मोघम ठेव. मोघम असलं की जाळं मोठं पडतं."

"बाबा, मोघम असलं की कोणीही म्हणेल, यात नवीन काय?"

"तुला धंदा कळत नाही."

दोन्ही पेटंटं यथावकाश मिळाली. तोवर गणपती आले. मंडळाने दरवर्षीप्रमाणे कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतला होता. आरती झाल्यावर गुरुदत्तांनी माइक घेतला आणि पुढच्या महिन्यापासून क्षितिज कंपनीचा प्रेसिडेंट होणार असल्याचं जाहीर केलं. कस्तुरी तेव्हा प्रसादाच्या वाट्या भरत होती. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. लोक टाळ्या वाजवत होते, क्षितिज जमिनीकडे बघत हसत होता. कोणीतरी तिलाच म्हणालं, "अभिनंदन हं, भाऊ प्रेसिडेंट झाला." ती "थँक यू" म्हणाली आणि उरलेल्या वाट्या भरल्या.

घरी आल्यावर तिने विचारलं, "मला आधी सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास."

"इन्सर्ट माझा आहे, बाबा."

"घरात माझं-तुझं नसतं. आणि प्रेसिडेंट व्हायला माणसाला ऐकता यावं लागतं. क्षितिज ऐकतो."

कस्तुरीने शॉप सोडलं. तिची मुलगी अनुया ओटावाला युनिव्हर्सिटीत शिकत होती. कस्तुरी नवऱ्यापासून केव्हाच वेगळी झालेली होती. ओटावाच्या कनाटा उपनगरात एक छोटी जागा घेऊन स्वतःचं डिझाइनचं काम सुरू करायचं तिने ठरवलं. गुरुदत्तांनी अडवलं नाही. उलट निरोपाचं जेवण ठेवलं, मंडळाची जुनी माणसं बोलावली आणि श्रीखंड वाढून झाल्यावर ते उभे राहिले.

"कस्तुरी चालली आहे," ते म्हणाले. "बापाच्या घरून मुलीने रिकाम्या हाती जाऊ नये. जर्मनीचं पेटंट मी तिच्या नावावर करतोय. युरोपियन क्षितिजकडे, कंपनीकडे राहील. ज्याने जे केलं त्याला ते मिळालं पाहिजे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कस्तुरी उठली आणि कैक वर्षांनी वडिलांच्या पाया पडली. आपण यांना उगाच कठोर समजत होतो असं तिला त्या क्षणी खरंच वाटलं.

कागदपत्रांच्या वेळी वकीलबाईंनी एक गोष्ट तिच्या कानावर घातली. पूर्वी एकाच शोधाची ही दोन पेटंटं जर्मनीत एकत्र नांदू शकत नसत. युरोपियन पक्कं झालं की जर्मन आपोआप निष्प्रभ व्हायचं. आता युरोपात नवं सामायिक कोर्ट आलं होतं आणि नियम बदलला होता. युरोपियन पेटंट त्या सामायिक कोर्टाच्या कक्षेत असेपर्यंत दोन्ही जिवंत राहणार होती. मात्र मालकाने ते कक्षेबाहेर काढलं, तर जुना नियम लागू, आणि जर्मन पेटंट संपलं.

"आणि मालक म्हणजे तुमचे बंधू," बाई म्हणाल्या. "ते तसं करणार नाहीत, एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या."

कस्तुरीने वडिलांना विचारलं.

"बाप-लेकीत करार?" गुरुदत्तांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "पेटंट देतोय ते पुरे नाही?"

तिला शरम वाटली. तिने क्षितिजला बाजूला घेतलं. "तू ते बाहेर काढणार नाहीस ना?"

"ऑफ कोर्स नॉट, ताई. व्हाय वुड आय?"

तिने तेवढ्यावर सोडून दिलं.

कनाटातला पहिला हिवाळा हलाखीत गेला, पण वसंतात एका जर्मन मोल्ड कंपनीने तिचं पेटंट वापरायचा करार केला. मग तिने दोन तरुण इंजिनियर हाताखाली घेतले. ती जर्मनीला जाऊन आली, तिथल्या मासिकात तिचा फोटो आला, आणि तो फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. विंडसरच्या शॉपची काही जुनी गिऱ्हाइकं अडचण आली की आता तिलाच फोन करू लागली. ती त्यांना क्षितिजकडे पाठवायची, पण गिऱ्हाइकं आधी तिलाच विचारतात, हे गुरुदत्तांच्या कानावर येत होतं.

दिवाळीच्या कार्यक्रमात एका नव्याने आलेल्या पुणेकर मुलाने त्यांना अगदी निरागसपणे विचारलं, "काका, तुमचं शॉप कस्तुरी मॅडमच्या कंपनीसाठी काम करतं का?"

गुरुदत्त हसले. त्याच्या पाठीवर थाप मारून पुढे गेले. सुनंदाबाई शेजारीच होत्या. त्याच आठवड्यात गुरुदत्तांनी म्युनिकला फोन लावला.

क्षितिजच्या केबिनमध्ये स्पीकरवर बोलणं झालं. युरोपियन पेटंट सामायिक कोर्टातून बाहेर काढायचं आहे, गुरुदत्त म्हणाले. वकीलबाईंनी सांगितलं की त्याला चांगलं कारण असू शकतं. सामायिक कोर्टात कोणी ते रद्द करण्याचा एक दावा जिंकला, तर पेटंट कितीतरी देशांत एकदमच जातं. बाहेर असलं तर ज्याला पाडायचं त्याला प्रत्येक देशात वेगळं लढावं लागतं. पुष्कळ कंपन्या त्यासाठी बाहेर पडतात.

"पण तुमच्या बाबतीत एक परिणाम आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलीचं पेटंट त्याच दिवशी निष्प्रभ होईल."

"पूर्ण?"

"पूर्ण. तुमचं मोघम आहे, तिचं नेमकं. मोठ्या वर्तुळाच्या पोटात छोटं वर्तुळ असतं तसं. तिचं सगळंच तुमच्यात बसतं, म्हणून सगळंच जाईल."

"आणि पुढे आम्ही मन बदललं, परत आत आलो, तर?"

"तरी तिचं परत येणार नाही. ते कायमचं."

गुरुदत्तांनी तो प्रश्न पुन्हा एकदा, वेगळ्या शब्दांत विचारला आणि तेच उत्तर मिळाल्यावर आभार मानले. फोन बंद झाल्यावर क्षितिज म्हणाला, "बाबा, वी शुड ॲट लीस्ट टेल हर."

"कशाला?"

"तिने मला विचारलं होतं. आय प्रॉमिस्ड."

"प्रेसिडेंट कोण आहे इथे?"

"मी," क्षितिज म्हणाला.

"मग सही कर."

स्क्रीनवर सही करायला फार वेळ लागत नाही. त्यानंतरही दर रविवारी क्षितिज बहिणीशी व्हिडिओवर बोलत राहिला. अनुयाच्या परीक्षांची चौकशी केली, ओटावात थंडी किती आहे ते विचारलं, विंटर टायर्स घातलेस का म्हणाला. पेटंटबद्दल तो बोलला नाही.

कस्तुरीला कळलं ते जर्मन कंपनीच्या फोनवरून. बोलणारा माणूस सभ्य होता. त्यांच्या वकिलांनी रजिस्टर पाहिलं होतं. "आम्हाला फार वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण तुमच्याकडे आता द्यायला काही उरलेलं नाही. आम्ही तुमच्या भावाशी बोलणी सुरू केली आहेत. तुम्हाला कल्पना असेल असं आम्ही गृहीत धरलं होतं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती निघाली आणि दिवसभर हायवेवर गाडी चालवून संध्याकाळी विंडसरला पोचली. घरात जेवणं चालली होती. क्षितिज टेबलाशी होता. त्याची बायको श्रावणी मुलांना घेऊन पोहायला गेली होती. सुनंदाबाई पोळ्या वाढत होत्या.

"हात धू," गुरुदत्त म्हणाले. "जेवायला बस."

कस्तुरी कोट न काढताच उभी राहिली. "तुम्हाला माहीत होतं माझं पेटंट जाईल?"

"वकीलबाईंनी नीट समजावलं होतं. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली."

"मग का केलंत?"

"कंपनीच्या हिताचं होतं."

"खरं सांगा, बाबा."

त्यांनी ताकाचा पेला उचलला, सावकाश रिकामा केला आणि खाली ठेवला. "तुला वाटायला लागलं होतं की तू स्वतःच्या पायांवर उभी आहेस. लोकांनाही वाटायला लागलं. तू कशावर उभी होतीस ते तुला दाखवलं."

"अहो," सुनंदाबाई म्हणाल्या. "पुरे ना आता."

"तू भात आण."

त्या भात आणायला आत गेल्या.

"तुझं खिडकीजवळचं टेबल मी कोणाला दिलेलं नाही," गुरुदत्त पुढे म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "सोमवारपासून ये. क्षितिजला रिपोर्ट करायचं. तुझी ती दोन पोरं आहेत ना, कामाची असतील तर त्यांनाही बघू."

कस्तुरीने भावाकडे पाहिलं. तो पोळीचा तुकडा भाजीत बुडवून तसाच धरून बसला होता.

"क्षितिज, तुला केव्हापासून माहीत आहे?"

"दिवाळीनंतर."

"म्हणजे दर रविवारी माझ्याशी बोलत होतास तेव्हा माहीत होतं."

"आय ॲम सॉरी, ताई."

"एकदा फोन करायचास. सही करायच्या आधी. मी काहीतरी केलं असतं."

सुनंदाबाई भाताचं भांडं घेऊन दारात आल्या तेव्हा कस्तुरी बाहेर गाडी सुरू करत होती.

तिने दुसऱ्या वकिलांना विचारून पाहिलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. दिलेला शब्द तोंडी होता, पेटंट गेलं ते कायद्याने गेलं, आणि ते परत आणायची सोय कायद्यात नव्हती. अनुया म्हणाली, "मॉम, जस्ट सू ग्रँडपा." कस्तुरी म्हणाली, "कशाबद्दल? त्यांनी माझ्याकडून काही घेतलेलं नाही. स्वतःच्या पेटंटचं काय करायचं ते केलं." दोन्ही इंजिनियरांना तिने समोर बसवून सांगितलं. त्यातल्या मुलीला रडू आलं. कनाटाची जागा सोडून ती एका टेलिकॉम कंपनीत लागली. तिथे ती यंत्रांच्या पेट्या गार ठेवायची डिझाइन्स करायची. कोणाशी भांडण नाही, कोणाशी विशेष बोलणंही नाही.

विंडसरला गुरुदत्तांची छाती फुगली होती. जर्मन कंपनीशी बोलणी त्यांनी स्वतः केली. एकही इन्सर्ट जर्मनीत बनणार नाही, सगळे विंडसरलाच बनतील, ही त्यांची अट होती. नव्या इन्सर्टच्या भरवशावर त्यांनी शॉपचा अर्धा भाग रिकामा करून धातूची पूड वितळवणारी नवी मशिन्स लावली. साच्यांची जुनी कामं नाकारली. क्षितिज घाबरत घाबरत म्हणाला, "ते वॉक अवे करतील, बाबा." गुरुदत्त म्हणाले, "जाणार कुठे? जर्मनीत दुसरं कोणाकडे आहे हे?"

दुसरं जिच्याकडे होतं तिचं त्यांनीच संपवलं होतं, हे खरं. पण जर्मन कंपनीने वेगळाच रस्ता धरला. युरोपियन पेटंट जर्मनीपुरतं रद्द करा, असा दावा तिने तिथल्या कोर्टात लावला. तिच्या वकिलांनी एक जुना जपानी निबंध शोधून काढला होता. साच्याच्या इन्सर्टमध्ये वळणावळणाचे पाण्याचे मार्ग, असं त्यात मोघमपणे लिहिलेलं होतं. युरोपियन पेटंटमध्येही मोघमपणे तेच लिहिलेलं होतं, म्हणजे शोध नवा ठरत नव्हता.

म्युनिकचा फोन पुन्हा स्पीकरवर लागला.

"हे जड जाणार," वकीलबाई म्हणाल्या. "वळणांचा आणि भिंतींचा तपशील तुमच्या अर्जात असता तर त्याच्या आधाराने पेटंटचा आवाका कमी करून ते वाचवता आलं असतं. तो तुम्ही काढायला लावलात. आता मागाहून घालता येत नाही."

"कस्तुरीच्या पेटंटमध्ये आहे तो," गुरुदत्त म्हणाले.

"होय. ते पेटंट असतं तर या निबंधाने त्याचा केसही वाकडा झाला नसता."

"ते पुन्हा जिवंत करायला काय लागेल?"

"मिस्टर मुजुमदार, हे तुम्ही मला दोनदा विचारलं होतंत."

एकच वाट उरली होती. जपानी निबंधातली रचना प्रत्यक्षात चालतच नाही, आणि कस्तुरीची चालते ती त्याहून मुळातच वेगळी असल्यामुळे, हे कोर्टाला पटवायचं. ते सांगायला शोध लावणारी व्यक्ती स्वतः हवी होती. गुरुदत्तांनी क्षितिजला ओटावाला पाठवलं. स्वतः फोन करायला ते तयार नव्हते.

कनाटात तिच्या ऑफिसखालच्या कॉफी शॉपमध्ये बहीण-भाऊ समोरासमोर बसले. क्षितिज बारीक झाला होता. त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"तो जपानी प्रकार तू करून बघितला होतास," तो म्हणाला. "अगदी सुरुवातीला. फुटला होता तो. यू रिमेंबर."

कस्तुरीला स्वच्छ आठवत होतं. कुठल्या वळणावर तडा गेला आणि का गेला, हे ती त्या टेबलावर बोटाने काढून दाखवू शकली असती.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"ताई. शॉपभर पाणी झालं होतं. आय मॉप्ड इट अप."

"मग तूच सांग कोर्टाला."

"मला फक्त पाणी पुसलेलं माहीत आहे. का फुटला ते तुला माहीत आहे." त्याने कपावरचं झाकण काढलं आणि पुन्हा लावलं. "शॉपमधली माणसं तुझी पण आहेत. कितीतरी जणांना तू शिकवलंयस. आणि माझी मुलं... ताई, बाबांसाठी नको करूस. माझ्यासाठी कर."

कस्तुरीने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी तो पडला की आधी तिच्याकडे बघायचा आणि मग रडायचा. आताही तसाच बघत होता.

"बाबांसाठी मागितलं असतंस तर मी कदाचित विचार केला असता," ती म्हणाली. "त्यांना माझं मोडायचं होतं म्हणून त्यांनी मोडलं. तुला मोडायचं नव्हतं, आणि तरी तू मोडलंस. तुझ्यासाठी मी काय म्हणून करू?"

"आय वॉज स्केअर्ड ऑफ हिम."

"माहीत आहे. मीही होते."

ती लंच संपला म्हणून उठली. लिफ्टमध्ये तिला बरं वाटत होतं. पेटंट गेल्यापासून इतकं बरं तिला वाटलं नव्हतं, आणि दुपारभर ते टिकलं.

कोर्टाने आपलं पहिलं मत कळवलं तेव्हा वकीलबाईंनी ते वाचूनच दाखवलं. पेटंट टिकेल असं दिसत नव्हतं. अजून निकाल नव्हता, पण धंद्यात कोणी निकालाची वाट बघत नाही. जर्मनीत तिघा-चौघांनी इन्सर्ट बनवायला सुरुवात केली. नाकारलेली जुनी कामं केव्हाच दुसऱ्या शॉप्सकडे गेली होती. नव्या मशिन्सना काम उरलं नाही, आणि त्यांना जागा करायला काढलेली जुनी मशिन्स परत येणार नव्हती.

शॉप बंद करायच्या दिवशी कामगार लोडिंग डॉकपाशी जमले. त्यातले काही गुरुदत्तांबरोबर पहिल्या वर्षापासून होते. क्षितिजने दोन वाक्यं तयार करून आणली होती. त्यातलं पहिलं त्याला पुरं करता आलं नाही. तेव्हा गुरुदत्त पुढे आले.

"मी चालवत होतो तोवर हे शॉप एक दिवस बंद पडलं नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "मग मी ते माझ्या मुलाकडे दिलं. ज्या कागदामुळे हे झालं त्यावर सही माझी नाही, त्याची आहे. मला तुम्हा सगळ्यांची माफी मागायची आहे, की मी माणूस चुकीचा निवडला."

क्षितिज त्यांच्या बाजूलाच उभा होता. कामगार एकेक करत गुरुदत्तांचा हात हातात घेऊन गेले. क्षितिजला बहुतेकांनी लांबूनच मान हलवली.

मशिन्सच्या लिलावानंतर श्रावणी मुलांना घेऊन पार ब्रिटिश कोलंबियात, सरेला आपल्या आईवडिलांकडे गेली, थोड्या दिवसांसाठी म्हणून. शाळेचं वर्ष तिकडे सुरू झालं. क्षितिज एका पार्ट्स प्लँटमध्ये टूलरूममध्ये लागला आणि एका मित्राच्या बेसमेंटमध्ये राहू लागला. सुनंदाबाईंनी कस्तुरीला फोन करून सांगितलं, "तो नीट जेवत नाही गं. एकदा बोल त्याच्याशी. तुझं ऐकतो तो."

"करते फोन," कस्तुरी म्हणाली. तिने केला नाही. सुनंदाबाईंनी आणखी दोन-तीनदा आठवण केली, मग सोडून दिली.

पुढच्या हिवाळ्यात त्या जर्मन कंपनीचा तोच सभ्य माणूस कस्तुरीशी बोलला. आता पेटंटचा काही प्रश्न उरला नव्हता, कोणीही बनवू शकत होतं, पण त्यांचे इन्सर्ट वळणांवर तडकत होते. त्यांच्या माणसांना शिकवायला ती येईल का? कस्तुरी गेली. स्वतःच्या डोक्यातून निघालेली वस्तू तिने तिथल्या पोरांना वळण न् वळण समजावून शिकवली. ती वस्तू तेव्हा कोणाचीच नव्हती. तिने मन लावून शिकवलं. परत निघताना त्यांनी तिला जेवायला नेलं आणि पुन्हा यायचं कबूल करून घेतलं.

हे सुनंदाबाईंकडून गुरुदत्तांना कळलं. शनिवारी दुपारी त्यांनी फोन उचलला आणि टेबलावर ठेवून स्पीकर लावला, कारण त्यांना आता नीट ऐकू येत नसे.

"बोला, बाबा," कस्तुरी म्हणाली. बऱ्याच महिन्यांत दोघं बोलले नव्हते.

"त्यांची मशिन्स कुठली आहेत?"

तिने सांगितलं.

"पूड फार बारीक घेत असतील. म्हणून तडकतं."

"मीही तेच म्हणाले. त्यांना पटत नव्हतं. एक करून फोडून दाखवला."

गुरुदत्त हसले. सुनंदाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याला असं हसताना शॉप बंद झाल्यापासून पाहिलं नव्हतं. "मग कोपरा किती गोल ठेवलास?"

"पूर्वीपेक्षा जास्त. भिंत तिथे थोडी वाढवली."

"वाढवायलाच हवी. मी तुला तेव्हाच म्हणालो होतो."

"तुम्ही उलट म्हणाला होतात, बाबा."

"असेल, असेल." ते पुन्हा हसले आणि टेबलावर बोटाने वळण काढू लागले, जणू तिला ते दिसत होतं.

बाहेर रात्रीपासून बर्फ पडत होतं. क्षितिज शिफ्टला जायच्या आधी आईवडिलांच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हलने उपसायला आला होता. काम संपवून तो मागच्या दाराने आत आला, हातमोजे दाराशेजारच्या रेडिएटरवर वाळत टाकून, ओले बूट हातात घेऊन पायपुसण्यावर उभा राहिला आणि त्याला बहिणीचा आवाज ऐकू आला. तो तिथेच थांबला. सुनंदाबाईंनी त्याला पाहिलं आणि त्या फोनपाशी गेल्या.

"कस्तुरी, क्षितिज आलाय बघ. बोलतेस?"

"नंतर, आई," कस्तुरी म्हणाली. "बाबा, ते दुसरं वळण आहे ना, जिथे पाणी वर चढतं, तिथे मी काय केलंय सांगते."

"थांब, थांब, कागद घेतो." गुरुदत्तांनी मागे न बघताच बायकोला बाजूला व्हायची खूण केली.

सुनंदाबाईंनी मुलाकडे येऊन हलक्या आवाजात विचारलं, "चहा टाकू?"

"नको. शिफ्ट आहे."

तरी तो आणखी थोडा वेळ उभा राहिला. आतून वडील काहीतरी विचारत होते, बहीण समजावून सांगत होती. मग त्याने बूट चढवले, रेडिएटरवरचे अजून ओलेच असलेले हातमोजे घातले आणि दार ओढून घेतलं. पायऱ्यांवर पुन्हा बर्फ साचलं होतं. वडील संध्याकाळी चालायला बाहेर पडतात, म्हणून त्याने शोव्हल उचललं आणि वरच्या पायरीपासून सुरुवात केली.